लाल-जांभळ्या शब्दांची कुळकथा



लहानपणी माझ्याकडे पाण्यात कालवायच्या रंगांची एक पत्र्याची पेटी होती. बारा वड्या, एक कुंचला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रंगांची इंग्रजी नावे छापलेली. त्यातल्या एका तांबड्या वडीचे नाव होते ‘क्रिमसन लेक’. इंग्रजीची नुकतीच तोंडओळख झाली होती. ‘लेक’ म्हणजे तळे, एवढे ठाऊक होते. तेव्हा विलायतेत कुठेतरी लाल पाण्याचे तळे असावे आणि ते पाणी आटवून ही वडी करत असावेत, अशी माझी पक्की समजूत! थोरल्या भावाला विचारले, “दादा, हे तळं कुठं आहे रे?” तो म्हणाला, “भूगोलाच्या मास्तरांना विचार.” मास्तरांना विचारण्याचा धीर काही झाला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी एक जाडजूड शब्दकोश चाळताना ते तळे अचानक सापडले. ते विलायतेत नव्हतेच. ते होते आपल्याच पळसाच्या आणि बोरीच्या फांदीवर! रंगाच्या नावातला हा ‘लेक’ म्हणजे आपली लाख. संस्कृत लाक्षा, तिची लाख झाली. फारसीत ती लाक म्हणून गेली, लॅटिनमध्ये लाका झाली आणि इंग्रजांच्या तोंडी तिचा लेक झाला. लाखेचा किडा फांदीवर बसून राळेसारखा पदार्थ बनवतो. तो खरवडून धुतला, की पाणी लालभडक होते. नववधूच्या पावलांना लावायचा अलता पूर्वी याच पाण्यातून होई. उरलेल्या राळेची बांगडी होई, मोहोर होई, आणि पुढे ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही झाल्या. पांडवांना जाळायला बांधलेले घरही लाखेचेच. विरघळणारा रंग तुरटीसारख्या द्रव्याने धरून त्याची पूड करण्याची जी कृती आहे, तिने तयार झालेल्या कोणत्याही रंगाला इंग्रजीत पुढे ‘लेक’ म्हणू लागले.

आता उरला ‘क्रिमसन’. याची गोष्ट तर आणखी नवलाची. भूमध्य समुद्राच्या काठी एका जातीच्या खुरट्या ओक झाडावर एक किडा राहतो. त्याच्या माद्या वेचून वाळवल्या, की त्यांतून सुंदर गडद तांबडा रंग निघतो. या किड्याला अरबी भाषेत ‘किर्मिझ’ म्हणतात आणि त्याच्या रंगाला ‘किर्मिझी’. अरबांबरोबर हा शब्द स्पेनमध्ये गेला आणि तिथून वळणे घेत घेत इंग्रजीत ‘क्रिमसन’ झाला. त्याच शब्दाचा दुसरा पाय पूर्वेकडे वळला. तो आपल्याकडे येऊन झाला ‘किरमिजी’. म्हणजे आपल्या आजीचे किरमिजी लुगडे आणि इंग्रज सरदाराचा क्रिमसन झगा, या दोघांचे आडनाव एकच!

आणि मूळपुरुष कोण म्हणाल, तर कृमी. किर्मिझच्या मागे फारसीतला ‘किर्म’ आहे. त्याचा अर्थ किडा. फारसी किर्म आणि संस्कृत कृमी हे सख्खे भाऊ. संस्कृतात ‘कृमिज’ म्हणजे किड्यापासून झालेला, असाही शब्द आहे. तेव्हा माझ्या पेटीतल्या त्या वडीच्या नावाचा अर्थ काय झाला? कृमी अधिक लाक्षा. दोन्ही शब्दांची मुळे इकडची. पण ते विलायती वेष घालून परत आले, तेव्हा आम्ही त्यांना ओळखले नाही.

इंग्रजीत ‘व्हर्मिलियन’ म्हणून शेंदरी लाल रंग आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘व्हर्मिक्युलस’, म्हणजे इवलासा किडा. तोही याच ओकवरचा. गंमत अशी, की व्हर्मिलियन म्हणून जे विकले जाई त्यात किडा औषधालाही नव्हता. तो होता हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. वस्तू बदलली, नाव मात्र किड्याचेच राहिले.

हे वाळलेले किडे दिसायला अगदी दाण्यासारखे. म्हणून युरोपातल्या लोकांना कित्येक शतके ते धान्याचे दाणे किंवा बी वाटत होते. इंग्रजीत दाण्याला ‘ग्रेन’ म्हणतात. या दाण्यांत रंगवलेले कापड कितीही धुतले तरी विटत नसे. त्यावरून हाडीमांसी खिळलेल्या सवयीला इंग्रजीत ‘इनग्रेन्ड’ म्हणू लागले. आपण इंग्रजीत बोलताना हा शब्द सहज वापरतो, पण त्यात एक मेलेला किडा आहे, हे कोणाच्या ध्यानात येते? पुढे 1521 साली स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला आणि तिथल्या निवडुंगावर याहून जास्त रंग देणारा दुसरा किडा त्यांच्या हाती लागला. त्याचे नाव कोचिनील. या नावाच्या मुळाशीही दाण्याचाच अर्थ आहे. एक पौंड रंगाला सत्तरेक हजार किडे लागतात असे सांगतात. हे दाणे की किडे, हा वाद सूक्ष्मदर्शक यंत्र आल्यावरच मिटला. आपल्या देशात लढलेल्या इंग्रज अंमलदारांचे लाल डगले याच किड्यांच्या रंगाचे. साध्या शिपायाचे मात्र स्वस्त, मुळांपासून काढलेल्या मंजिष्ठाच्या जातीच्या रंगाचे. हुद्द्याप्रमाणे लाल रंगसुद्धा वेगळा!

‘स्कार्लेट’ या शब्दाची तऱ्हा निराळी. स्कार्लेट हा मुळी रंगच नव्हता. ते होते उंची लोकरीचे कापड. युरोपात मध्ययुगात निळे स्कार्लेट होते, हिरवे होते, पांढरेसुद्धा होते. पण इतके महागाचे कापड घ्यायचे, तर त्याला रंगही महागाचाच हवा. म्हणून ते बहुधा किड्यांच्या लाल रंगात बुडवले जाई. होता होता कापडाचे नाव रंगाला चिकटले. जुन्या मराठी कागदपत्रांत उंची लोकरी कापडाला ‘सकलाद’ म्हटलेले आढळते. तो शब्द फारसीतला, आणि स्कार्लेटचे नाते पुष्कळ पंडित त्याच फारसी शब्दाशी जोडतात.

आता लालाकडून जांभळ्याकडे वळू. ‘पर्पल’ हे नाव एका समुद्री गोगलगायीचे. ग्रीक लोक तिला ‘पोर्फिरा’ म्हणत, रोमन ‘पुर्पुरा’. आजच्या लेबाननमधल्या टायर या बंदरात तिचा रंग काढण्याचा मोठा उद्योग होता. तिच्या अंगातल्या एका ग्रंथीतला थेंबभर रस गोळा करायचा, तो मुरवायचा आणि त्यात कापड रंगवायचे. दुर्गंधी अशी, की ती सहन होऊ नये. रोमन पंडित प्लिनी लिहितो, की यातला सर्वांत उत्तम रंग साकळलेल्या रक्तासारखा असतो. म्हणजे प्राचीनांचा पर्पल आपल्या जांभळापेक्षा रक्ताच्या अधिक जवळचा होता. याची किंमत काय असे? इ.स. 301 मध्ये रोमन बादशहा डायोक्लिशियन याने मालाचे कमाल भाव ठरवून दिले, त्यात या रंगाच्या रेशमाला पौंडाला दीड लाख दिनार एवढा भाव लावला आहे. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात राज्यावर असलेल्या बादशहाच्या मुलांचा जन्म याच रंगाच्या दगडांनी मढवलेल्या दालनात होई. ‘पर्पलमध्ये जन्मलेला’ म्हणजे जन्मजात राजपुत्र, हा अर्थ त्यातून आला.

1909 साली फ्रीडलेंडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हा रंग शुद्ध करून त्याची घटना शोधली. त्याने बारा हजार गोगलगायी फोडल्या. हाती काय आले? 1.4 ग्रॅम रंग. आपल्या तोळ्याच्या हिशेबाने पाहा, एक तोळा रंगाला जवळजवळ एक लाख जीव पडतात!

आणि तोपर्यंत या रंगाचे महत्त्व संपलेही होते. ते संपवले एका अठरा वर्षांच्या मुलाने. 1856 साली ईस्टरच्या सुटीत विल्यम पर्किन हा विद्यार्थी लंडनला आपल्या घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचे क्विनीन कृत्रिम रीतीने करू पाहत होता. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थांवर त्याचा प्रयोग चालला होता. क्विनीन झाले नाही. काळा चिखल झाला. तो फेकून न देता त्याने मद्यार्कात विरघळवला, तर सुंदर जांभळा रंग उतरला. आरंभी त्याला टायरच्या त्या जुन्या रंगाचेच नाव दिले होते. पण चालले ते फ्रेंच नाव, ‘मोव्ह’. मोव्ह म्हणजे आपल्या जास्वंदीच्या कुळातले एक साधे फुलझाड. राजवाड्यातला रंग डांबरातून निघाला आणि दुकानात आला.

तीनच वर्षांनी फ्रान्समधल्या लियों शहरात डांबराच्याच वंशाचा आणखी एक झगझगीत रंग निघाला. फ्यूशिया या फुलावरून त्याला आधी ‘फुक्सीन’ म्हटले. पण त्याच वर्षी, 4 जून 1859 रोजी, इटलीत माजेन्ता या गावाजवळ फ्रान्स आणि सार्डिनिया यांच्या फौजांनी ऑस्ट्रियाचा पराभव केला. हजारो माणसे मेली आणि घायाळ झाली. विजयाच्या भरात त्या रंगाला गावाचे नाव मिळाले, ‘मॅजेंटा’. वीस दिवसांनी सोल्फेरिनोला याहून भयंकर लढाई झाली. तिचेही नाव एका रंगाला दिले गेले. पण सोल्फेरिनोचे नाव आज आपण ऐकतो ते रंगासाठी नव्हे. तिथले घायाळ पाहून हेलावलेल्या आंरी द्युनां याच्या खटपटीतून 1863 मध्ये रेडक्रॉसचा जन्म झाला. त्या लाल क्रुसाला अर्थ आहे. मॅजेंटाचा अर्थ मात्र लोक विसरले. आज छापखान्यात चार शाईंपैकी एक मॅजेंटा असते. वर्तमानपत्रातले प्रत्येक रंगीत चित्र तिच्यातूनच उठते. पण रणांगण कोणाला आठवते?

आपण तरी काय वेगळे करतो? तांबडा म्हणताना तांबे आठवत नाही, डाळिंबी म्हणताना डाळिंब डोळ्यांपुढे येतेच असे नाही. एक जांभळा मात्र तोंडाला पाणी सुटले की आठवतो! इंग्रजीचा ‘रेड’ तेवढा आरंभापासून रंगाचाच शब्द. संस्कृत रुधिर त्याचा दूरचा नातलग. बाकी बहुतेक नावे आधी कशाची तरी, कोणाची तरी होती: किड्याची, गोगलगायीची, फुलाची, गावाची.

डांबरातून रंग निघू लागल्यावर दक्षिण फ्रान्समधल्या मंजिष्ठाच्या शेतीवर गदा आली, लाखेच्या रंगाचा आपला व्यापारही बसला. ज्यांनी ऊन खात फांद्यांवरचे किडे वेचले, समुद्रकाठी त्या दुर्गंधीत उभे राहून रस काढला, त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्या श्रमाची एवढीच एक खूण राहिली आहे, आणि ती शब्दांत आहे.

ती माझी पेटी केव्हाच हरवली. पण आता घरात एखादे मूल रंगवायला बसले आणि त्याने विचारले, “आजोबा, हे तळं कुठं आहे हो?” तर त्याला मास्तरांकडे धाडण्याची वेळ येणार नाही. “चल,” म्हणेन, “आधी बोरीच्या झाडाकडं जाऊ.”