जबलपूरच्या वेशीवरची वस्ती

जनगणनेच्या यादीत जबलपूर जिल्ह्यातील नगरांची नावे पाहताना एके ठिकाणी नजर अडखळते. पनागर, सिहोरा अशा जुन्या नावांच्या पंक्तीला ‘व्हेईकल फॅक्टरी जबलपूर’ हे नावही नगर म्हणून बसलेले आहे. गावाला देवाचे नाव असते, राजाचे असते, एखाद्या झाडाचेही असते. परंतु मालमोटारींच्या कारखान्याचे नाव धारण करणारे नगर विरळाच. जबलपूरच्या सीमेवर माणसे कशी वसत गेली, याचे मर्म या नावात सापडते. येथे बहुधा आधी बांधकाम उभे राहिले आणि त्याच्या मागून माणसे आली.

हा क्रम इंग्रजांपासून सुरू झाला असे मात्र नव्हे. कलचुरींची त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर हे खेडे, मागे पडली आणि गोंड राजांचे गढा नांदू लागले. काळ्या खडकांच्या टेकड्यांमधील सखल जागा हेरून गोंडांच्या राजवटीत तलाव बांधले गेले. राणी दुर्गावतीचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि मंत्री आधार कायस्थ याचा आधारताल, अशी परंपरा लोक सांगतात; एकूण तलाव बावन्न होते असेही म्हणतात. बावन्न ही संख्या मोजून काढलेली असेल असे नाही, पण तलावांच्या पाळीला धरून मोहल्ले वसले हे खरे. 1564 मध्ये दुर्गावती रणात पडली. पुढे 1781 मध्ये मराठ्यांनी गढा-मंडला जिंकले, तेव्हा त्यांनी आपले ठाणे गढ्यास न ठेवता जबलपुरास नेले. त्या एका निर्णयाने राजधानीचे गढा हळूहळू दुसऱ्या गावाचे उपनगर होऊन बसले.

1817 मध्ये इंग्रज आले. ओमती नाल्याच्या एका अंगास जुने शहर आणि दुसऱ्या अंगास छावणी व साहेबांचे बंगले, अशी वाटणी झाली. 1867 मध्ये अलाहाबादकडून लोहमार्ग येथवर आला; 1870 मध्ये मुंबईकडील मार्ग त्यास मिळाला आणि मुंबई व कलकत्ता ही दोन बंदरे जबलपूरमार्गे जोडली गेली. लोहमार्ग माणसे आणतो तसा तो माणसे अडवतोही. पूर्वेस रूळ आणि रुळांपलीकडे छावणीची राखीव जमीन. वाढत्या शहराला त्या बाजूस पाय पसरण्यास फारसा वावच उरला नाही. मग ते उलट्या दिशेस, राइट टाऊन, नेपियर टाऊन अशा नव्या आखणीच्या पेठांतून जुन्या गढ्याकडेच सरकू लागले.

छावणीच्या पलीकडे काय घडले ते याहून लक्षणीय आहे. मुंबई, मद्रास व फत्तेगड येथे विखुरलेले तोफगाड्यांचे काम एकत्र करून 1904 मध्ये जबलपुरास गन कॅरेज फॅक्टरी उभारण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. 1969 पासून व्हेईकल फॅक्टरीतून शक्तिमान मालमोटारी बाहेर पडू लागल्या. दारूगोळा भरण्याचे काम वस्तीपासून दूर, मोकळ्या रानात करावे लागते. म्हणून शहर संपून गेल्यावर पुन्हा एक शहर सुरू झाले, आणि मधला पट्टा तसाच विरळ राहिला. भिंतीच्या आत हुद्द्यानुसार लहानमोठी क्वार्टर्स, शाळा, इस्पितळ, सारे मोजून आखलेले. पण भाजीवाला, शिंपी, सायकल दुरुस्त करणारा, यांना क्वार्टर कोण देणार? निवृत्त झालेल्या कामगारालाही ते सोडावेच लागे. ही सारी माणसे फाटकाबाहेर, रांझीच्या रस्त्याला जागा धरीत गेली. कारखान्याच्या भोंग्यावर रांझीचा बाजार भरे आणि मोडे. आतली वसाहत सरकारने वसवली. रांझी तिच्या सावलीत आपोआप वसली, आणि आज दाटी आहे ती रांझीत. आराखडे करणाऱ्यांनी फाटकाबाहेरच्या माणसांचा विचार त्याच वेळी केला असता, तर तेथील गल्ल्या एवढ्या अरुंद झाल्या नसत्या.

स्वातंत्र्योत्तर काळात हाच क्रम इतर दिशांना चालू राहिला. 1956 मध्ये राज्यपुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली व उच्च न्यायालय जबलपुरास आले. 1964 मध्ये आधारतालाजवळ कृषी विद्यापीठ निघाले. रामपूरकडे वीज मंडळाची कचेरी झाली. जुन्या तलावांपैकी चेरीताल तर आता केवळ मोहल्ल्याचे नाव म्हणून उरला आहे. पाण्याच्या जागी घरे आहेत. 1901 मध्ये सुमारे 90 हजारांचे असलेले हे शहर 2011 मध्ये साडेदहा लाखांवर गेले. छावणी व कारखान्यांची नगरे धरून साडेबारा लाखांवर.

या वाढीतला एक भाग मात्र शहरातल्या कोणत्याही बांधकामाने आणलेला नाही. नर्मदेवरील बरगी धरण 1990 मध्ये पूर्ण झाले. मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतील 162 गावांना त्याची झळ पोहोचली. हाती रोख भरपाई आली, बदली जमीन आली नाही. ज्यांचे शेत पाण्याखाली गेले त्यांतील अनेक जण जबलपुरास येऊन सायकलरिक्षा ओढू लागले. अशांसाठी ना क्वार्टर असते, ना फाटकाबाहेरचा बाजार. त्यांच्या वाट्याला शहराने टाकून दिलेली जमीन येते: नाल्याचा काठ, रुळांची कड, टेकडीचा उतार.

मदनमहालच्या टेकडीवर अशीच शेकडो घरे चढत गेली होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2018-19 च्या सुमारास ती काढण्यात आली आणि तेथील कुटुंबांना मंडला रस्त्यावर, तिलहरी येथे जागा देण्यात आली. टेकडी मोकळी झाली, हे योग्यच झाले. परंतु मदनमहाल शहराच्या एका टोकाला आणि तिलहरी दुसऱ्या. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काम जुन्याच घरी आहे. तिलहरीहून शहरात येणारा रस्ता बिलहरी, गोराबाजार करीत छावणीच्या त्याच विस्तीर्ण, झाडीच्या, मोकळ्या जमिनीमधून येतो.