पॅरिसची मशीद आणि खुलताबादची रिकामी कबर

खुलताबादला जाणारे लोक औरंगजेबाची साधी, उघडी कबर पाहतात, बुरहानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यांत फातेहा पढतात आणि परततात. तिथून जवळच टेकडीवर तुर्की वळणाचा एक मकबरा आहे. त्यात कुणीच दफन नाही. शेवटचे उस्मानी खलिफा अब्दुलमजीद दुसरे यांच्यासाठी निजाम मीर उस्मान अली खान यांनी तो बांधवून घेतला होता. खलिफांचा देह मात्र जवळजवळ दहा वर्षं पॅरिसच्या मोठ्या मशिदीत होता.

ही मशीद मी पाहिली ती वालूरच्या माझ्या शाळासोबत्याबरोबर. तो कामानिमित्त युरोपात आला होता आणि आम्हाला पॅरिसमध्ये तीन दिवस मिळाले. पहिला दिवस आयफेल टॉवर आणि सीन नदीत गेला, दुसरा लूव्र संग्रहालयात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला प्लास मोंज स्टेशनवर उतरवलं. वनस्पती उद्यानासमोर पांढऱ्या भिंती, हिरवी कौलं आणि तेहतीस मीटर उंच चौकोनी मिनार. आत बाग, पाण्याची कारंजी, मोरोक्कोच्या पद्धतीचं रंगीत फरशीकाम.

"कुठल्या बादशहाची रे ही?" मित्रानं विचारलं.

बादशहाची नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढताना त्याच्या वसाहतींतले हजारो मुसलमान सैनिक मारले गेले. त्यांच्या ऋणाची खूण म्हणून फ्रान्सनं ही मशीद उभारायला मदत केली. १५ जुलै १९२६ रोजी राष्ट्राध्यक्ष गास्तों दूमेर्ग आणि मोरोक्कोचे सुलतान मौलाय युसूफ यांच्या हजेरीत तिचं उद्घाटन झालं. वसाहतींवर राज्य तसंच चालू राहिलं, हेही विसरायचं नाही. मेलेल्यांसाठी मशीद उभी राहिली, जिवंतांना बरोबरीचा हक्क मिळाला नाही.

आता खलिफांची गोष्ट. नोव्हेंबर १९२२ मध्ये तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेनं सल्तनत संपवून अब्दुलमजीद यांना फक्त खलिफा म्हणून निवडलं. ३ मार्च १९२४ रोजी त्याच सभेनं खिलाफतच रद्द केली आणि त्यांना देशाबाहेर काढलं. इकडे हिंदुस्थानात खिलाफत वाचवण्यासाठी मोठं आंदोलन झालं होतं, मुंबईत त्याची मध्यवर्ती समिती होती, गांधीजी त्यात होते. तुर्कांनीच खिलाफत मोडल्यावर त्या आंदोलनाला आधार उरला नाही.

परागंदा खलिफा फ्रान्समध्ये नीस शहरी राहिले. ते उत्तम चित्रकार होते. निजामानं त्यांना दरमहा ३०० पौंडांचं वेतन बांधून दिलं. नोव्हेंबर १९३१ मध्ये त्यांची मुलगी दुर्रेशहवार आणि निजामाचा थोरला मुलगा आजम जाह यांचा निकाह नीसमध्येच झाला. मशिदीच्या चहाखान्यात काचेच्या छोट्या पेल्यांत पुदिन्याचा गोड चहा पिताना मी हे सांगत होतो. मित्र म्हणाला, "म्हणजे तीनशे पौंडांत आपल्या आजोबांची ज्वारीसुद्धा होती म्हण की!" तो हसत म्हणाला खरा, पण खोटं नव्हतं. वालूर तेव्हा निजामाच्या मुलखात होतं आणि संस्थानाच्या तिजोरीत परभणी जिल्ह्याचा शेतसाराही जात होता.

२३ ऑगस्ट १९४४ रोजी खलिफांचं पॅरिसमध्ये निधन झालं. शहरात तेव्हा जर्मनांविरुद्ध लढाई चालू होती. दोनच दिवसांनी पॅरिस मुक्त झालं. देह इस्तंबूलला नेऊ द्यावा म्हणून दुर्रेशहवार यांनी तुर्कस्तानकडे विनंती केली, ती मान्य झाली नाही. तो जतन करून या मशिदीत ठेवला गेला. १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली आणि खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला. शेवटी मार्च १९५४ मध्ये मदिनेत, जन्नतुल बकीमध्ये, त्यांना दफन मिळालं. जगभरच्या मुसलमानांनी ज्याला आपला खलिफा मानलं, त्याला मातीसाठी दहा वर्षं थांबावं लागलं.

याच मशिदीची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये मशिदीचे प्रमुख सी कद्दूर बेनगब्रीत यांनी काही यहुद्यांना वाचवलं. आकड्याबद्दल इतिहासकारांत वाद आहेत. सलीम हलाली या अल्जीरियाच्या यहुदी गायकाबद्दल असं सांगतात, की त्याला मुसलमान असल्याचा दाखला दिला गेला आणि बोबिनीच्या मुस्लिम कब्रस्तानातल्या एका कबरीवर त्याच्या वडिलांचं नाव कोरलं गेलं. त्या नावामुळे तो जगला.

आपल्यातले काही जण आजही खिलाफतीच्या आठवणीनं उसासे टाकतात, आणि बाहेरचे काही जण आपल्याला विचारतात, तुमची नाळ नेमकी कुठं? मला वाटतं, या दोघांनी अब्दुलमजीद यांची कहाणी वाचावी. खलिफा असूनही त्यांना स्वतःच्या जन्मगावात कबरीपुरती जागा मिळाली नाही. याउलट वालूरच्या कब्रस्तानात आमच्या कित्येक पिढ्या आहेत. माझ्या वडिलांच्या जनाज्याला या मित्राचे वडील कब्रस्तानापर्यंत आले होते आणि सगळ्यांबरोबर त्यांनीही तीन मुठी माती दिली होती. आमचा हक्क कुठल्या तख्तावर नाही, त्या मातीवर आहे. गावातल्या लोकांनी श्रमदान करून चक्राकार बारव साफ केली, तशीच ती जागाही आपणच नीट राखायची आहे. तिचं कुंपण, तिची नोंद, तिचा सातबारा, हे काम आपल्या पिढीचं आहे.