विणलेल्या नळीपासून बिनबोटांचे हातमोजे

विणलेल्या नळीपासून बिनबोटांचे हातमोजे तयार करणे ही लोकरीच्या विणकामातील एक पद्धत आहे. तीत आधी विणून ठेवलेली बिनशिवणीची नळी कापून अंगठ्यासाठी भोक पाडतात व उघड्या कडांवर काठ विणतात. बोटे मोकळी राहत असल्याने थंडीत लिहिताना, टंकलेखन करताना किंवा सुटे पैसे मोजताना असे मोजे सोयीचे ठरतात.

नळी

नळी चार-पाच सुयांवर गोल विणता येते. मात्र हाताने फिरवायच्या गोल विणयंत्रावर ती फार लवकर निघते. मार्क ब्रुनेल यांनी १८१६ मध्ये इंग्लंडमध्ये गोल विणयंत्राचे पेटंट घेतले होते. आजच्या घरगुती यंत्रांत ४६ किंवा ४८ सुयांची यंत्रे प्रचलित आहेत. प्रौढांच्या तळव्याचा घेर साधारण १८ ते २० सेंमी असतो. नळी त्याहून किंचित अरुंद असावी.

काठ

यंत्रावरील नळी सर्वत्र सुलट विणीची असल्याने तिच्या कडा बाहेरच्या बाजूस गुंडाळल्या जातात. म्हणून दोन्ही टोकांना दोन सुलट–दोन उलट अशा टाक्यांचा काठ लागतो. लांब नळीतून तुकडा काढताना प्रथम एका ओळीतील सर्व टाके सुईवर घेतात, मगच शेजारच्या ओळीतील धागा कापून ती ओळ उसवतात. हा क्रम उलटा झाल्यास टाके निसटून वीण खाली उसवत जाते. गुळगुळीत धाग्यात हा धोका अधिक असतो. खरखरीत लोकरीचे टाके जागच्या जागी थांबतात.

अंगठा

वरच्या काठापासून ४–५ सेंमी खाली, नियोजित भोकाच्या मध्यावरचा एकच टाका कापतात व धागा दोन्ही बाजूंना उसवतात. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकी विणकर एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी स्वेटरला मागाहून खिसा जोडण्यासाठी हीच युक्ती लोकप्रिय केली. ४८ टाक्यांच्या नळीत सात-आठ टाके उसवणे पुरते. वरचे व खालचे टाके सुयांवर घेऊन, कोपऱ्यांत एकेक जादा टाका उचलून अंगठ्याची छोटी नळी विणतात. उसवलेला धागा कापून टाकू नये; कोपऱ्यांतील फटी त्यानेच शिवल्या जातात.

नळीला पुढची-मागची बाजू नसल्याने कोणताही मोजा कोणत्याही हातात चालतो. जोडी सारखी होण्यासाठी भोकाची उंची पट्टीने मोजण्याऐवजी ओळी मोजणे अधिक विश्वसनीय, कारण विणलेले कापड ताणले जाते.

अंगठ्याच्या बुंध्याशी टाके वाढवून विणलेल्या मोजाइतकी ऐसपैस जागा येथे मिळत नाही. अंगठा पूर्ण फाकवल्यास तळव्यावर ओढ बसते.