नासाची सॉफ्टवेअर प्रयोगशाळा : विद्यापीठ आणि कंपनी एकत्र आल्यावर काय होतं?

घरात कोणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असेल तर ‘इंडस्ट्री प्रोजेक्ट’ हा शब्द कानावर पडलाच असेल. बऱ्याचदा कंपनीचं एक पत्र आणि शेवटी एक सर्टिफिकेट, एवढ्यावरच ते आटोपतं. खरी भागीदारी कशी असते, हे पाहायचं तर अमेरिकेतलं एक जुनं उदाहरण आहे.

१९७६ मध्ये नासाचं गोडार्ड केंद्र, मेरीलँड विद्यापीठ आणि कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन ही कंपनी यांनी ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग लॅबोरेटरी’ सुरू केली. उपग्रहांची कक्षा आणि दिशा यांची गणितं करणारं, जमिनीवर चालणारं सॉफ्टवेअर हे तिथलं काम. चालू प्रोजेक्ट हीच प्रयोगशाळा. प्रोग्रामर फॉर्म भरायचे : किती तास लागले, काय बदललं, चूक कुठे झाली. विद्यापीठाचे प्राध्यापक व्हिक्टर बॅसिली आणि त्यांचे सहकारी त्यातून अर्थ काढायचे.

सर्वांत रंजक गोष्ट कोड वाचण्याची. बॅसिली आणि रिचर्ड सेल्बी यांनी ३२ व्यावसायिक प्रोग्रामर आणि ४२ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला; तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोग्राम चालवून तपासण्याच्या दोन पद्धती आणि नुसता कोड वाचणं, यात व्यावसायिकांना जास्त चुका वाचून सापडल्या. गंमत म्हणजे, बहुतेकांना वाटत होतं की चालवून पाहणंच सरस ठरलं!

मग खऱ्या प्रोजेक्टवर वाचन सुरू केलं, तर फारसा फरक पडेना. का? पुढे टेस्टिंग आहेच, या भरवशावर लोक वरवर वाचत होते. म्हणून ‘क्लीनरूम’ ही पद्धत आजमावली. त्यात कोड लिहिणाऱ्याने तो स्वतः चालवून पाहायचाच नाही. वाचून खात्री करायची आणि टेस्टिंग दुसऱ्या गटाने करायचं. नुसत्या वर्गातल्या प्रयोगातून हे कळलंच नसतं.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातले आणि १९९० नंतरच्या तीन-चार वर्षांतले प्रोजेक्ट ताडून पाहिले, तर हजार ओळींमागे चुका सरासरी ४.५ वरून १ वर आल्या होत्या आणि खर्च निम्म्यापेक्षा कमी झाला होता. जुना कोड पुन्हा वापरण्याचं प्रमाण २० टक्क्यांवरून जवळपास ८० टक्क्यांवर गेलं, हे त्यामागचं एक मोठं कारण. अर्थात हे आकडे त्यांच्याच कामाचे. दुसऱ्या कंपनीने स्वतःची नोंद स्वतःच ठेवायला हवी, हे बॅसिलीही सांगत. याच प्रयोगशाळेशी जोडलेले डीटर रोम्बाख यांनी पुढे जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्न इथे अशाच कामासाठी फ्राउनहोफर संस्था उभी केली.