मेथीदाणे (बद्धकोष्ठतेवरील घरगुती उपाय)

मेथीदाणे म्हणजे मेथी (शास्त्रीय नाव: ट्रायगोनेला फीनम-ग्रेकम) या शेंगावर्गीय वनस्पतीच्या पिवळसर तपकिरी, कडवट बिया होत. भारतीय स्वयंपाकघरात मसाला म्हणून वापरले जाणारे हे दाणे बद्धकोष्ठतेवरील घरगुती उपाय म्हणूनही प्रचलित आहेत. शास्त्रीय नावातील दुसऱ्या पदाचा लॅटिन अर्थ ‘ग्रीक गवत’ असा आहे.

आहारातील वापर
महाराष्ट्रात मेथीदाणे फोडणीत व लोणच्याच्या मसाल्यात घालतात. बाळंतिणीला व हिवाळ्यात मेथीचे लाडू देण्याची प्रथा आहे. गोव्यातील ‘उडदमेथी’ या पदार्थात उडीद व मेथीदाणे हे मुख्य घटक असतात. भारतात राजस्थान, मध्य प्रदेश व गुजरात या राज्यांत मेथीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते.

घटक व कार्यपद्धती
१०० ग्रॅम मेथीदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ व सुमारे २३ ग्रॅम प्रथिने असतात. तंतूंपैकी गॅलॅक्टोमॅनन हा विद्राव्य तंतू पाणी शोषून फुगतो व बुळबुळीत होतो. भिजवलेल्या दाण्यांना येणारा चिकटपणा यामुळेच असतो. आतड्यात हा तंतू पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मल मऊ राहून त्याचे आकारमान वाढते. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्याचा काही भाग आंबवतात. हा परिणाम सोनामुखीसारख्या उत्तेजक रेचकाचा नसून इसबगोलाच्या प्रकारचा, म्हणजे मलाचे आकारमान वाढवणारा आहे.

वापरण्याची पद्धत
साधारणतः एक लहान चमचा दाणे रात्री पाण्यात भिजवून सकाळी पाण्यासह चावून खातात. काही ठिकाणी भाजलेल्या दाण्यांची पूड कोमट पाण्याबरोबर घेतात. लहान चमचाभर, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम दाण्यांतून जेमतेम १ ग्रॅम तंतू मिळतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस करते. त्यामुळे भाज्या, फळे, डाळी व कोंड्यासह धान्ये यांना मेथीदाणे हा पर्याय ठरत नाही.

पारंपरिक व आधुनिक मत
आयुर्वेदात मेथी (मेथिका) वातशामक मानली जाते. मेथी, अहळीव, काळे जिरे (कलौंजी) व ओवा यांच्या समूहास ‘चतुर्बीज’ म्हणतात. तथापि ‘मेथीमोदक’ हा पाठ ‘भैषज्यरत्नावली’त ग्रहणीच्या, म्हणजे पचन बिघडून वारंवार जुलाब होणाऱ्या विकाराच्या चिकित्सेत येतो. यावरून परंपरेत मेथीकडे केवळ रेचक म्हणून पाहिले गेले नाही, हे दिसते. जर्मनीच्या ‘कमिशन ई’ने मेथीदाण्यांचा पोटातून वापर भूक मंदावण्यावर मान्य केला, त्यात बद्धकोष्ठतेचा समावेश नाही. बद्धकोष्ठतेवरील परिणामाचे पुरावे इसबगोलाच्या बाबतीत मेथीपेक्षा अधिक भक्कम आहेत.

दक्षता
* पुरेसे पाणी न पिता सुके दाणे किंवा पूड जास्त प्रमाणात घेतल्यास त्रास वाढू शकतो. एकदम मोठी मात्रा घेतल्यास पोटात वायू धरतो किंवा जुलाब होतात.
* मेथी रक्तातील साखर कमी करू शकते. मधुमेहाची औषधे किंवा वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.
* गरोदरपणात औषधी मात्रेत मेथी घेणे टाळावे. शेंगदाणे किंवा हरभरा यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मेथीचीही अ‍ॅलर्जी असू शकते.
* मेथीतील सोटोलोन या द्रव्यामुळे घाम व लघवीला विशिष्ट गोड वास येतो. तो स्वतः अपायकारक नसतो.
* मोड आलेली मेथी शिजवून खाणे अधिक सुरक्षित असते. २०११ मध्ये जर्मनी व फ्रान्समध्ये पसरलेल्या ई. कोलाय जीवाणूच्या साथीचा संबंध इजिप्तमधून आयात केलेल्या मेथीच्या बियांच्या मोडांशी जोडला गेला. या साथीत ५० हून अधिक जणांचा मृत्यू झाला.

वैद्यकीय मदत
आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मल कठीण असणे व कुंथावे लागणे ही बद्धकोष्ठतेची सामान्य लक्षणे आहेत. मलातून रक्त जाणे, कारणाशिवाय वजन घटणे, उलट्या, पोट फुगून वायूही न सरणे किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक बदल होणे, यांपैकी काही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. आतड्यातील अडथळा किंवा कर्करोग यांचीही ही लक्षणे असू शकतात.