तुम्ही का लढला नाहीत?



दरवर्षी निसान महिन्यातील स्मृतिदिनी सकाळी दहा वाजता भोंगा वाजतो आणि आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. १९५९ च्या कायद्याने या दिवसाच्या नावात संहाराच्या जोडीला 'शौर्य' हा शब्दही आहे. शौर्य नेमके कोणाचे, यावर या देशात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. आपला बेने इस्राएल समाज परमेश्वराच्या कृपेने त्या संहारातून वाचला. पण आपली नातवंडे शाळेत हा इतिहास शिकून घरी प्रश्न विचारतात, म्हणून हे लिहिते.

२२ जुलै १९४२ रोजी, आपले वाडवडील कोकणात बिरड्याच्या रोजाची तयारी करीत असतील तेव्हा, वॉर्साच्या घेट्टोतून लोकांना त्रेब्लिंकाला नेण्यास सुरुवात झाली. सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांहून अधिक माणसे नेली गेली. उरलेल्यांपैकी काही शे तरुणांनी पिस्तुले व हातबॉम्ब जमवले आणि १९ एप्रिल १९४३ रोजी, पेसाहच्या आदल्या दिवशी, जर्मनांशी लढाई सुरू केली. त्यांचा पुढारी मोर्देखाय अनिलेविच याचे नाव याद मोर्देखाय या किबुत्सला दिलेले आहे.

नव्या राज्याला हे लढवय्ये जवळचे वाटले. बाकीच्यांना मात्र 'कत्तलीला गेलेली मेंढरे' म्हटले गेले. अब्बा कोव्हनेर यांनी व्हिल्नाच्या तरुणांना जागे करण्यासाठी वापरलेले हे शब्द पुढे वाचलेल्यांनाच टोमण्यासारखे ऐकावे लागले. १९६१ मध्ये आइखमान खटल्यात सरकारी वकिलांनीही साक्षीदारांना विचारले, प्रतिकार का केला नाही? त्या साक्षी देशाने रेडिओवर ऐकल्या आणि मते हळूहळू बदलू लागली.

मीसुद्धा तोच प्रश्न विचारला होता, हे कबूल करते. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन मी १९८४ साली आलिया केली. वृद्धांच्या वॉर्डात पोलंडच्या एक बाई होत्या. मोडक्या हिब्रूत मी विचारले, "तुम्ही का लढला नाहीत?" त्या म्हणाल्या, "आई आजारी होती. तिला सोडून कुठे जाणार होते?" आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. पुष्कळ वर्षे माझ्या मनाला ते लागून राहिले.

नंतर मी मारेक एडेलमान यांच्याविषयी वाचले. वॉर्साच्या उठावातील हे एक सेनानी. घेट्टोत असताना ते मुलांच्या इस्पितळात काम करीत होते. युद्धानंतर पोलंडमध्येच राहून ते हृदयरोगाचे डॉक्टर झाले व २००९ मध्ये वारले. स्वतः बंदूक चालवलेला हा माणूस सांगत असे की, गोळ्या झाडत मरण्यापेक्षा शांतपणे मरणाकडे चालत जाणे अधिक कठीण आहे.

आज इतिहासकार चोरून पाव आणणे, लपून शाळा चालवणे, औषधाविना रोग्यांची सेवा करणे यांनाही प्रतिकार मानतात. येहुदा बाऊर यांनी त्यासाठी वापरलेला हिब्रू शब्द आहे 'अमिदा', म्हणजे उभे राहणे. आपण सिनेगॉगमध्ये उभे राहून म्हणतो त्या प्रार्थनेचेही हेच नाव.

माझ्या नातवाने मागच्या स्मृतिदिनी विचारले, "सावता, ते का लढले नाहीत?" मी त्याला अनिलेविचची गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर त्या बाईंची.