पोलीस कारवाईचे नागरिकांकडून चित्रीकरण

पोलीस कारवाईचे नागरिकांकडून चित्रीकरण म्हणजे सार्वजनिक ठिकाणी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसांच्या कृतीचे, विशेषतः अटक, झडती, जमाव पांगवणे किंवा बळाचा वापर अशा प्रसंगांचे, तेथे उपस्थित असलेल्या सामान्य व्यक्तीने कॅमेरा वा मोबाईलद्वारे केलेले ध्वनिचित्रमुद्रण होय. हे चित्रीकरण पोलिसांच्या अंगावरील कॅमेरे, गस्ती वाहनांतील कॅमेरे व सीसीटीव्ही यांपेक्षा वेगळे आहे, कारण त्यावर पोलीस यंत्रणेचे नियंत्रण नसते. या विषयाची सर्वाधिक चर्चा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली असून, तेथील अनेक प्रकरणांत प्रत्यक्षदर्शींच्या चित्रफिती न्यायालयीन पुराव्याचा भाग बनल्या आहेत. चित्रफितीमुळे घटनेचा क्रम बऱ्याच अंशी स्पष्ट होतो; तथापि वापरलेले बळ कायदेशीर होते की नाही हा प्रश्न तिच्यामुळे आपोआप सुटत नाही.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकात घरगुती व्हिडिओ कॅमेरे सर्वसामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले. तोपर्यंत पोलीस आणि नागरिक यांच्यातील वादात बहुधा दोन परस्परविरोधी कथने समोर येत व न्यायालये पोलिसांच्या अहवालाला अधिक वजन देत. पोलिसांच्या कामावर संघटितपणे लक्ष ठेवणारा 'बर्कली कॉपवॉच' हा गट १९९० मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाला. रॉडनी किंग प्रकरणानंतर १९९२ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल यांच्या पुढाकाराने 'विटनेस' ही संस्था सुरू झाली. मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे चित्रीकरण करणाऱ्यांना ती साहाय्य व प्रशिक्षण देते. २००७ नंतर स्मार्टफोन आणि समाजमाध्यमे यांच्या प्रसारामुळे चित्रफीत वृत्तवाहिनीच्या मध्यस्थीशिवाय थेट लोकांपर्यंत पोहोचू लागली.

प्रमुख प्रकरणे

रॉडनी किंग (१९९१)

३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वाहनाचा पाठलाग करून थांबवलेल्या रॉडनी किंग यांना पोलिसांनी ५० हून अधिक वेळा दंडुक्याने मारले. जॉर्ज हॉलिडे यांनी आपल्या घराच्या सज्जातून हा प्रसंग चित्रित करून स्थानिक दूरचित्रवाणी वाहिनीला दिला. चार अधिकाऱ्यांवर खटला चालला. बचाव पक्षाने तीच चित्रफीत संथ गतीने, एकेक चौकट थांबवून ज्यूरीला दाखवली आणि किंग यांची प्रत्येक हालचाल हा प्रतिकार होता असा अर्थ लावला. २९ एप्रिल १९९२ रोजी ज्यूरीने तिघांना सर्व आरोपांतून मुक्त केले. चौथ्यावरील एका आरोपाबाबत ज्यूरीचे एकमत झाले नाही. निकालानंतर उसळलेल्या दंगलीत ६० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. १९९३ मध्ये संघीय खटल्यात दोघे अधिकारी नागरी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल दोषी ठरले व त्यांना प्रत्येकी ३० महिन्यांची शिक्षा झाली.

ऑस्कर ग्रँट (२००९)

१ जानेवारी २००९ च्या पहाटे ओकलंड येथील फ्रूटव्हेल रेल्वे स्थानकावर जमिनीवर पालथ्या पाडलेल्या ऑस्कर ग्रँट यांच्यावर एका अधिकाऱ्याने गोळी झाडली. अनेक प्रवाशांनी हा प्रसंग टिपला. टेझर समजून आपण चुकून पिस्तूल काढले, असा बचाव अधिकाऱ्याने केला. गोळी झाडली गेली हे निर्विवाद होते. वाद हेतूविषयी होता. २०१० मध्ये ज्यूरीने त्यास अनैच्छिक मनुष्यवधाबद्दल दोषी धरले.

एरिक गार्नर (२०१४)

१७ जुलै २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमध्ये अटकेच्या वेळी गार्नर यांच्या गळ्याभोवती हाताचा विळखा घालण्यात आला. अशा पकडीस न्यूयॉर्क पोलिसांच्या नियमांनुसार मनाई होती. श्वास घेता येत नसल्याचे ते वारंवार सांगत असल्याचे त्यांच्या मित्राने केलेल्या चित्रीकरणात ऐकू येते. तरीही ग्रँड ज्यूरीने अधिकाऱ्यावर आरोप ठेवण्यास नकार दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनंतर, त्यास सेवेतून काढण्यात आले.

वॉल्टर स्कॉट (२०१५)

४ एप्रिल २०१५ रोजी साउथ कॅरोलिनातील नॉर्थ चार्ल्स्टन येथे वाहतूक तपासणीनंतर पळून जाणाऱ्या वॉल्टर स्कॉट यांचा पोलीस गोळीबारात मृत्यू झाला. स्कॉट यांनी टेझर हिसकावल्याने जीवितास धोका वाटला, असे अधिकारी मायकेल स्लेगर यांचे म्हणणे होते. काही दिवसांनी एका पादचाऱ्याने केलेले चित्रीकरण प्रसिद्ध झाले. त्यात पाठमोऱ्या स्कॉट यांच्यावर गोळ्या झाडल्याचे दिसत होते. राज्य न्यायालयातील खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. पुढे स्लेगर यांनी संघीय न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना २० वर्षांची शिक्षा झाली.

जॉर्ज फ्लॉइड (२०२०)

२५ मे २०२० रोजी मिनीआपोलिसमध्ये अधिकारी डेरेक शॉव्हिन यांनी जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून ठेवला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात फ्लॉइड यांनी प्रतिकार केल्याचे आणि नंतर त्यांची प्रकृती बिघडल्याचे म्हटले होते. गुडघ्याचा उल्लेख नव्हता. तेव्हा १७ वर्षांच्या असलेल्या डार्नेला फ्रेझर यांनी केलेले चित्रीकरण त्याच रात्री समाजमाध्यमावर आले व दुसऱ्याच दिवशी चार अधिकारी बडतर्फ झाले. एप्रिल २०२१ मध्ये शॉव्हिन हत्येबद्दल दोषी ठरले आणि जूनमध्ये त्यांना साडेबावीस वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. फ्रेझर यांना २०२१ मध्ये पुलित्झर मंडळाने विशेष सन्मान दिला.

चित्रीकरणाचा अधिकार

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या अधिकारावर थेट निर्णय दिलेला नाही. तथापि अनेक संघीय अपील न्यायालयांनी तो राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आहे. बॉस्टनमध्ये मोबाईलवर अटकेचे चित्रीकरण केल्याबद्दल संभाषण चोरून ऐकण्याविरुद्धच्या कायद्याखाली पकडल्या गेलेल्या वकिलाचे 'ग्लिक विरुद्ध कनिफ' (२०११) हे यातील महत्त्वाचे प्रकरण होय. पुढे इलिनॉय (२०१२), टेक्सास व पेनसिल्व्हेनिया (२०१७) आणि कोलोरॅडो (२०२२) येथून आलेल्या प्रकरणांतही असेच निर्णय झाले. 'रायली विरुद्ध कॅलिफोर्निया' (२०१४) या निकालानुसार अटक केलेल्या व्यक्तीच्या मोबाईलमधील मजकूर पाहण्यासाठी पोलिसांना सामान्यतः न्यायालयाचे वॉरंट लागते.

हा अधिकार निरपेक्ष नाही. कारवाईत प्रत्यक्ष अडथळा आणणे वा सुरक्षेसाठी दिलेला वाजवी आदेश मोडणे याला संरक्षण नाही. किती अंतर राखावे, हा अलीकडील वादाचा विषय आहे. पोलिसांपासून आठ फुटांच्या आत चित्रीकरणास मनाई करणारा ॲरिझोनाचा २०२२ चा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. इंडियाना (२०२३) व लुईझियाना (२०२४) या राज्यांनी चित्रीकरणाचा उल्लेख न करता, आदेशानंतर २५ फुटांच्या आत येण्यास मनाई केली. या कायद्यांनाही न्यायालयात आव्हान देण्यात आले.

बळाच्या वापराचा निकष आणि चित्रफीत

'ग्रॅहम विरुद्ध कॉनर' (१९८९) या निकालानुसार बळाचा वापर योग्य होता की नाही हे घटनास्थळावरील समंजस अधिकाऱ्याच्या दृष्टिकोनातून ठरवले जाते, नंतर मिळालेल्या माहितीच्या आधारे नव्हे. चित्रफीत पाहणारा मात्र नेहमी नंतर, सुरक्षित जागेतून व हवे तेथे थांबवून पाहत असतो. चित्रीकरण बहुधा झटापट सुरू झाल्यानंतर आरंभ होत असल्याने आधीचा प्रसंग त्यात नसतो. रॉडनी किंग प्रकरणी वाहिनीवर प्रसारित झालेल्या भागातून सुरुवातीचे काही अंधुक सेकंद वगळले गेले होते व खटल्यात त्यांवर मोठा वाद झाला. 'बार्न्स विरुद्ध फेलिक्स' (२०२५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केवळ धोक्याचा क्षण न पाहता संपूर्ण परिस्थिती विचारात घ्यावी, असे एकमताने स्पष्ट केले.

एकच चित्रफीत सर्वांना सारखी दिसत नाही, हेही अभ्यासातून पुढे आले आहे. 'स्कॉट विरुद्ध हॅरिस' (२००७) या खटल्यात न्यायाधीशांनी गस्ती वाहनातील चित्रफितीला निर्णायक मानले होते. डॅन कहान व सहकाऱ्यांनी ती सुमारे १,३५० अमेरिकी नागरिकांना दाखवली. बहुसंख्यांचे मत न्यायालयासारखेच होते; परंतु वंश, उत्पन्न, प्रदेश व विचारसरणी यांनुसार मतांत लक्षणीय फरक आढळला.

भारतातील स्थिती

भारतात सार्वजनिक जागी पोलिसांच्या चित्रीकरणास सरसकट मनाई करणारा कायदा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधील भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य वाजवी निर्बंधांच्या अधीन आहे. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणणे (भारतीय न्याय संहिता, कलम २२१) आणि त्यास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला वा बळाचा वापर करणे (कलम १३२) हे गुन्हे आहेत.

पोलीस ठाण्यातील चित्रीकरणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जुलै २०२२ चा निर्णय महत्त्वाचा आहे. वर्धा येथील पोलीस ठाण्यात चित्रीकरण केल्याबद्दल एका व्यक्तीवर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अन्वये गुन्हा नोंदवला होता. अधिनियमातील 'निषिद्ध ठिकाण' या संज्ञेच्या सर्वसमावेशक व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, असे सांगून खंडपीठाने तो रद्द केला. तत्पूर्वी डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग' प्रकरणी देशातील सर्व पोलीस ठाण्यांत ध्वनिमुद्रणासह सीसीटीव्ही बसवण्याचा आणि मुद्रण १८ महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष, जतन करण्याचा आदेश दिला होता. ते मुद्रण पोलीस यंत्रणेच्याच ताब्यात राहत असल्याने, नागरिकाने केलेल्या स्वतंत्र चित्रीकरणाचे पुरावा म्हणून महत्त्व कायम राहते.